टाकाऊ काच घरच्या भट्टीत वितळवायची असेल तर

नाशकात रिकाम्या काचेच्या बाटल्यांना तोटा नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, शहरभर हॉटेलं आहेत, आणि अंबड-सातपूर पट्ट्यातल्या भंगाराच्या दुकानांत बाटल्यांची पोती थप्पीने लागलेली असतात. शिवाय जुनी घरं पाडली जातात तेव्हा खिडक्यांच्या काचा निघतात, त्या वेगळ्याच. या काचेच्या थाळ्या, फरशीचे तुकडे, पेपरवेट, दिव्याच्या तबकड्या मी चार वर्षं करते आहे. पहिलं वर्ष बहुतेक तडे मोजण्यात गेलं, कारण मला हवी ती माहिती मराठीत एका जागी कुठे सापडली नव्हती. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. नवीन माणूस सगळं लक्ष काच वितळवण्याकडे देतो. वितळवणं सोपं आहे, ती वीज वितळवते. काच टिकेल की फुटेल हे ठरतं दोन ठिकाणी: भट्टी लावण्याआधी काच निवडताना आणि वितळून झाल्यावर ती थंड करताना.

१. आधी काच ओळखा

बाटल्या आणि खिडकीच्या काचा या दोन्ही सोडा-लाइम काचा. वाळू, सोडा आणि चुना हे तिघांचं मिश्रण. पण दोघींचं प्रमाण अगदी सारखं नसतं, त्यामुळे तापल्यावर फुगण्याचं आणि थंड होताना आकसण्याचं मापही वेगळं असतं. वेगळ्या मापाच्या दोन काचा एकमेकींत वितळवल्या की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोड ताणाखाली राहतो. माझी पहिली थाळी खिडकीच्या काचेवर हिरव्या बाटलीचे तुकडे ठेवून केली होती. भट्टीतून अखंड निघाली. तिसऱ्या रात्री शोकेसमधून 'टिच्' असा बारीक आवाज आला आणि सकाळी पाहिलं तर प्रत्येक हिरव्या तुकड्याभोवती केसासारखी रेघ होती.

म्हणून नियम सोपा ठेवा: एका वस्तूत एकच काच. शक्यतो एकाच बाटलीची, निदान एकाच ब्रँडच्या, एकाच वेळी आणलेल्या बाटल्यांची. खिडकीची काच एकाच तावदानाची.

भंगारवाले दादा बाटल्या फोडून पोत्यात भरतात, म्हणजे जागा कमी लागते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलंच, "ताई, फोडून देऊ का? न्यायला हलकं पडेल." "नको दादा, अख्ख्याच द्या, आणि एकसारख्या वेगळ्या काढा," असं सांगितलं. आता ते माझ्यासाठी आपणहून बाजूला ठेवतात. फुटलेल्या तुकड्यांत कुठला तुकडा कुठल्या बाटलीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

हे घेऊ नका:
- बोरोसिलिकेट, म्हणजे ओव्हनची भांडी आणि प्रयोगशाळेची काच. ती फार कमी फुगते आणि आपल्या तापमानाला नीट वितळतही नाही.
- गाडीची समोरची काच. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो.
- आरसे, जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूब, बल्ब. आरशामागचा रंग जळून धूर होतो, पिक्चर ट्यूबमध्ये शिसं असतं.

तपकिरी बाटली वापरता येते, पण ती पुन्हा वितळताना बुडबुडे जास्त सोडते. सुरुवात हिरव्या किंवा पांढऱ्या काचेने करा.

दोन काचा जुळतात का हे पाहायचंच असेल तर एकीच्या पट्टीवर दुसरीचा नखाएवढा तुकडा वितळवा आणि व्यवस्थित थंड करा. मग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून खराब स्क्रीनची पोलरायझर फिल्म आणा. फिल्मचे दोन तुकडे एकावर एक ठेवून एक फिरवा. मधून दिसणं बंद होऊन काळं झालं की त्यांच्यामध्ये काच धरा, मागे उजेड ठेवा. तुकड्याभोवती उजळ वलय दिसलं तर तिथे ताण आहे, ती जोडी सोडून द्या. ही फिल्म मी आजही प्रत्येक वस्तूला लावते.

२. काय काय लागेल

- विजेची भट्टी. काचेसाठी तारा झाकणात असलेली चांगली, वरून सारखी ऊब मिळते. फक्त बाजूला तारा असलेली मातीकामाची भट्टी चालते, पण तापवण्याचा वेग निम्मा करा, नाहीतर काठ आधी तापतात आणि मधोमध तडा जातो.
- टप्पे भरता येतील असा तापमान कंट्रोलर आणि के-टाइप थर्मोकपल, म्हणजे भट्टीच्या आतलं तापमान मोजणारी दोन तारांची जोडी ('के' हा तिचा प्रकार).
- भट्टीचा शेल्फ, त्याखाली ठेवायचे अर्ध्या ते एक इंची ठोकळे, सिरॅमिक फायबर पेपर, म्हणजे भट्टीतली उष्णता सोसणारा कागद.
- किल्न वॉश, म्हणजे शेल्फला द्यायचा पांढरा लेप. ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समप्रमाणात, ताकाइतका पातळ.
- काचवाल्याची हिरकणी, पकड, मऊ ब्रश, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.
- एन-९५ मास्क, बंद चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे. ओढणी बांधून घ्या, सिंथेटिक कपडे नकोत.
- एक वही. ती कशासाठी ते पुढे येईल.

३. वीज, जागा आणि कागदपत्रं

३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टला साधारण १३ ॲम्पिअर खेचते, आणि तेही तासन्‌तास. गीझर दहा मिनिटं चालतो, भट्टी रात्रभर. त्यामुळे गीझरच्या जुन्या पॉइंटला ती लावू नका. वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (शॉक बसू नये म्हणून गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या. पहिल्या फायरिंगला, म्हणजे भट्टी तापवून थंड करण्याच्या पहिल्या पूर्ण फेरीला, दर तासाला प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर थांबा.

कागदपत्रं थोडीच आहेत:
- लाइट बिल. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. घरातल्या बाकीच्या वापरात भट्टी बसत नसेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करा.
- भाड्याची जागा असेल तर मालकाचं, अपार्टमेंट असेल तर सोसायटीचं लेखी संमतीपत्र.
- वस्तू विकणार असाल तर उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांची गरज नाही.

भट्टी भिंतीपासून किमान दीड फूट दूर, सिमेंटच्या जमिनीवर ठेवा. खिडकी उघडी हवी. पडदे, गॅस सिलिंडर, पुठ्ठे जवळ नकोत.

४. थर्मोकपलवर आंधळा विश्वास ठेवू नका

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती. विक्रेत्याने कंट्रोलर लावून दिला, मी टप्पे भरले. आकडा अजून सहाशेच्या घरात होता आणि भट्टीच्या बघायच्या भोकातून डोकावले तर आत काच पसरून शेल्फच्या काठापर्यंत आलेली. कारण थर्मोकपल के-टाइपचं होतं आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जे-टाइप निवडलेलं होतं. या चुकीत खरं तापमान दिसणाऱ्या आकड्यापेक्षा दोनशे अंशांनी पुढे असतं. नवीन कंट्रोलर आला की सर्वात आधी हे सेटिंग उघडून बघा. थर्मोकपलच्या दोन तारा उलट्या जोडल्या असतील तर भट्टी तापेल तसा आकडा खाली जाईल. ते लगेच कळतं.

सेटिंग बरोबर असलं तरी प्रत्येक भट्टी पाच-दहा अंश इकडेतिकडे दाखवते. त्यासाठी पट्टीची चाचणी करा. ३ मिलिमीटर जाड खिडकीच्या काचेची इंचभर रुंद पट्टी दोन विटांवर पुलासारखी टेकवा, मधलं अंतर ३० सेंटिमीटर ठेवा. ५०० अंशांनंतर ताशी १०० अंशांनी तापवत भोकातून बघत राहा. पट्टीचा मध्य अर्धा इंच खाली लवला की आकडा टिपून घ्या. त्यातून ४० वजा केले की त्या काचेला मुरवायचं, म्हणजे आतला ताण सुटावा म्हणून थंड करताना थांबवून ठेवायचं, तापमान मिळतं (सविस्तर सातव्या भागात), आणि ते तुमच्याच भट्टीच्या भाषेत मिळतं. भोकातून बघताना डोळ्यांवर इन्फ्रारेड अडवणारा हिरवट वेल्डिंग चष्मा हवा, साधा गॉगल पुरत नाही.

५. काच स्वच्छ करणं आणि शेल्फ तयार करणं

बाटल्या कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवा. लेबल सुटतं, गोंद मात्र राहतो, तो घासून काढा. शेवटी स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर काचेला बोटं लावू नका. बोटाचा ठसा भट्टीतून कायमचा होऊन येतो.

शेल्फला किल्न वॉशचे चार-पाच पातळ हात द्या, प्रत्येक हात वेगळ्या दिशेने. पूर्ण वाळू द्या. पूर्ण वितळण्याच्या फायरिंगनंतर हा लेप खरवडून नवा लावावाच लागतो. एकदा ८०० अंशांच्या पुढे गेलेला चायना क्लेचा लेप दुसऱ्या वेळी काचेला चिकटतो. लेप वाचवायला जाल तर थाळीच्या तळाला पांढरी खरूज येईल. खरवडताना मास्क लावा.

६. पहिली फायरिंग: दोन थरांची तबकडी

चार मिलिमीटरच्या खिडकीच्या काचेचे एकाच तावदानातून कापलेले दोन चौकोन, हाताच्या पंजाएवढे, एकावर एक. मधे बाटलीचे तुकडे नाहीत, रंग नाही, काही नाही. पहिली फायरिंग एवढीच करा.

- खोलीच्या तापमानापासून ५४० अंश सेल्सिअस: ताशी १५० अंश
- ५४० ते ६७०: ताशी १००, आणि ६७० ला अर्धा तास थांबा
- ६७० ते ८३०: भट्टीला जमेल तितक्या वेगाने, ८३० ला १० मिनिटं
- ८३० वरून ५५०: भट्टी आपोआप उतरू द्या, झाकण बंद
- ५५० ला दीड तास थांबा
- ५५० ते ४३०: ताशी ६५
- ४३० ते ३७०: ताशी ११०
- पुढे भट्टी बंद, झाकण बंद

५४० पर्यंत काच ठिसूळ असते, म्हणून सावकाश. ६७० चा थांबा दोन थरांमधली हवा बाहेर पडायला. तो वगळला तर मधोमध लिंबाएवढा फुगा येतो. बाटली अख्खी चपटी करायची असेल तर ती आडवी ठेवा, घरंगळू नये म्हणून फायबर पेपरची घडी टेकवा, आणि ७८० ते ८०० वर पंधरा मिनिटं द्या. वाइनच्या बाटलीचा तळ जाड असतो, त्यामुळे वर जाताना वेग ताशी १०० च ठेवा.

७. मुरवण

इंग्रजीत याला अ‍ॅनीलिंग म्हणतात, मी मुरवण म्हणते. ५५० अंशांच्या आसपास काच दिसायला कडक असते, पण आतून अजून किंचित सैल असते. त्या अवस्थेत तिला थांबवलं की पृष्ठभाग आणि गाभा एकाच तापमानाला येतात आणि आतला ताण सुटतो. साधारण ५१० च्या खाली ती पूर्ण घट्ट होते. त्या वेळी बाहेरची बाजू आतल्यापेक्षा थंड असेल तर तो फरक ताण होऊन कायमचा आत बसतो. असा तुकडा एका तासाने फुटेल, एका महिन्याने फुटेल, किंवा कुणीतरी त्यात गरम भजी ठेवेल तेव्हा फुटेल.

जाडी दुप्पट झाली की थंड करण्याचा वेळ जवळपास चौपट लागतो. हे लोक विसरतात. वरचं वेळापत्रक आठ मिलिमीटरचं आहे. पंचवीस मिलिमीटरच्या पेपरवेटला ५५० वर चार तास, मग ४३० पर्यंत ताशी १५ अंश, ३७० पर्यंत ताशी २७, आणि पुढे ताशी ९०. बेरीज करा, नुसतं थंड व्हायला अठरा तास लागतात. जाडी सगळीकडे सारखी नसेल तर सर्वांत जाड जागेचा हिशेब धरा.

नाशिकची थंडी यात वेगळं काम करते. जानेवारीतल्या एका पहाटे पारा दहाच्या खाली होता, मला तबकडी बघायची घाई होती, आणि १८० अंशांवर मी झाकण चार बोटं वर केलं. थंड हवेचा झोत आत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत तबकडी या काठापासून त्या काठापर्यंत उलली. आता आकडा ४० च्या खाली आल्याशिवाय मी भट्टीजवळ जात नाही.

वीज गेली तर? झाकण बंद ठेवा, वरची हवेची भोकं बंद करा. वर जाताना गेली तर बहुतेक वेळा पुन्हा सुरुवातीपासून चालवता येतं. मुरवणीच्या आधी किंवा दरम्यान गेली तर भट्टी पूर्ण थंड होऊ द्या, मग तीच वस्तू सावकाश ५५० पर्यंत नेऊन मुरवण पुन्हा करा. वीज आल्यावर कंट्रोलर पहिल्या टप्प्यापासून सुरू होतो, जागेवरून पुढे जातो की बंद राहतो, हे आधीच तपासून ठेवा. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला तर त्या दिवसाआधीची रात्र भट्टी लावू नका.

८. काचेवर साय आली तर

कधीकधी काच चकचकीत निघण्याऐवजी दुधाच्या सायीसारखी मंद, सुरकुतलेली निघते. ७०० ते ८०० च्या पट्ट्यात काच फार वेळ रेंगाळली की पृष्ठभागावर स्फटिक धरतात. बाटलीची काच याला जास्त बळी पडते. उपाय दोन: काच निर्मळ धुणे आणि तो पट्टा वर जाताना वेगाने ओलांडणे.

तिसरा उपाय सराफ बाजारात मिळतो. सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार. एक कप डिस्टिल्ड पाणी उकळून त्यात चमचाभर टाकणखार विरघळवा, गाळा, आणि काचेवर अत्तराच्या बाटलीने अगदी हलका फवारा मारा. वाळल्यावर धुकं धरल्यासारखं दिसलं पाहिजे, थर दिसता कामा नये. आलेली सायही यावर पुन्हा ८०० पर्यंत नेऊन बऱ्याच अंशी जाते.

९. साच्यातलं ओतकाम

तबकड्या पाच-सहा नीट निघाल्यावरच इकडे या. यात काच ओतायची नसते. साच्यात तुकडे भरून भट्टीतच वितळू द्यायचे असतात.

साचा: प्लास्टर ऑफ पॅरिस, बारीक सिलिका पावडर आणि पाणी, तिन्ही वजनाने सारखी. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही, सिलिकोसिस होतो. मास्क लावून, दाराबाहेर, मुलं आसपास नसताना मिसळा आणि सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. साच्याभोवती स्टीलची तार गुंडाळा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरू नका, तिच्यावरचं जस्त जळून विषारी धूर होतो.

साचा वाळला हे हाताला कळत नाही. रोज काट्यावर ठेवा आणि वजन वहीत लिहा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की वाळला. उन्हाळ्यात आठवड्यात होतं. आषाढ-श्रावणात पंधरा दिवसही लागतात, तेव्हा मी ओतकाम बंदच ठेवते.

काच किती लागेल? मूळ नमुना काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा, सांडलेलं पाणी मोजा. जितके मिलिलिटर पाणी, त्याच्या अडीचपट ग्रॅम काच. ३०० मिलिलिटर पाणी सांडलं तर ७५० ग्रॅम, म्हणजे वाइनच्या साधारण दीड बाटल्या. वितळताना ढीग खाली बसतो, म्हणून साच्यावर कड उंच ठेवा.

काच जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, मग चुऱ्यातून लोहचुंबक फिरवा. हातोडीचे लोखंडी कण राहिले तर काचेत तपकिरी ठिपके दिसतात. बारीक चुरा वापरलात तर वस्तू दुधी होते, कारण प्रत्येक कणाभोवतीची हवा आत अडकते. मोठे, सुपारीएवढे तुकडे वापरलेत तर आरपार दिसतं.

तापवताना ९५ अंशांवर सहा तास थांबा, झाकण कागदाच्या जाडीएवढं उघडं ठेवा म्हणजे वाफ निघेल. मग २०० वर चार तास. तिथून झाकण बंद, ताशी ७५ ने ६७० पर्यंत, तिथे तासभर. ५७३ अंशांना सिलिकातला क्वार्ट्झ एकदम फुगतो, त्यामुळे या भागात वेग वाढवू नका. पुढे ८५० ला दोन ते तीन तास. त्याहून वर नेलं तर प्लास्टर भुसभुशीत होऊन साचा फाटतो आणि काच भट्टीच्या तळाशी जाते. शेल्फखाली फायबर ब्लँकेटचा तुकडा अंथरून ठेवा.

मुरवणीचा वेळ साच्यात दुप्पट धरा, कारण साचा काचेला दुलईसारखा झाकून ठेवतो.

१०. तडा वाचा

तुटलेला तुकडा फेकू नका, ट्यूबलाइटखाली धरून तड्याची कड बोटाने, हातमोजा घालून, हलकेच चाचपा. कड गुळगुळीत, गोल झालेली असेल तर तडा वर जाताना पडला आणि नंतर वितळून बोथट झाला: पुढच्या वेळी सुरुवातीचा वेग कमी करा. कड पात्यासारखी धारदार असेल तर तडा थंड होताना पडला: मुरवण वाढवा. तडा दोन काचांच्या जोडाला धरून वळसा घालत असेल तर काचा जुळत नाहीत, वेळापत्रक कितीही बदला.

वही यासाठी. तारीख, काच कुठून आणली, जाडी, प्रत्येक टप्पा, आधीचं आणि नंतरचं मीटर रीडिंग, निकाल. प्रत्येक पानाला त्या फायरिंगचा एक छोटा तुकडा मी चिकटपट्टीने लावते.

११. काठ घासणं

काठ नेहमी पाण्यात घासा, कोरडे कधीच नाही. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडम दगड किंवा वॉटर पेपर पुरतो: ८० नंबरपासून सुरू करून २२०, मग ४००. हाताला टोचेनासं झालं की पुरे. घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, काचेचा गाळ पाइपात दगडासारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी झाडांना घाला, आणि खालचा गाळ ओला असतानाच वर्तमानपत्रात बांधून 'काच' असं लिहून सुक्या कचऱ्यात वेगळा द्या, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला लागणार नाही.